पोचलं काय जी?

"पोचलं काय जी?"

कुठलंही वाक्य बोलून झालं की तारबाबू हे विचारायचेच. दूधवाल्याला सांगायचे, "उद्या अर्धा लिटर जास्त दे. पोचलं काय?" काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, सांगायचे, "वरणात मीठ नाही. पोचलं काय?" काकू करवादायच्या, "पोचलं ना जी! कितीक डाव पोचवता?" पण समोरच्याने हो म्हटल्याशिवाय स्वारी जागची हलायची नाही. हो आलं की मधल्या बोटाने हाताशी जे असेल त्यावर ठोकायचे. दाराची चौकट, सायकलचं हँडल, काहीच नसलं तर स्वतःचा गुडघा. टिक, टाऽक, मग जरासं थांबून, टिक. त्यांच्या लेखी बोलणं तिथे संपलं.

त्यांचं नाव इथे लिहीत नाही. खरं सांगायचं तर आमच्या गल्लीत ते कुणाला ठाऊकही नव्हतं. भंडाऱ्याच्या तार ऑफिसात त्यांची सारी नोकरी गेली, म्हणून ते तारबाबू. तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल, ज्याचं काम हेच त्याचं नाव झालेलं असतं. आठवून बघा.

मी सत्तरच्या दशकात गणिताची शिक्षिका म्हणून भंडाऱ्याला आले आणि त्यांच्या शेजारच्या दोन खोल्यांत एकटी राहू लागले. माहेर तुमसरजवळच्या सिहोऱ्याचं, घरी धानाची शेती. पहिल्याच वर्षी एका दुपारी तारबाबू स्वतः माझ्या शाळेच्या दारात उभे. तार वाटायला शिपाई असतो, बाबू कशाला येतील? मी बाहेर आले तर म्हणाले, "बाई, चपला घाला. बाहेर रिक्षा उभा आहे. तुमसरची बस थांबवून ठेवली." मी विचारत राहिले, काय झालं, काय झालं. बसमध्ये मला खिडकीशी बसवलं, पाण्याचा तांब्या हातात दिला आणि मगच कागद पुढे केला. वडील अत्यवस्थ, लगेच या, एवढंच होतं त्यात. "एवढ्यात घाबरू नका. पोचलं काय जी?" मी मान हलवली, तेव्हा कुठे ते खाली उतरले. माझे वडील वाचले. मी वेळेत पोचले म्हणून त्यांना नागपूरला हलवता आलं. त्या दिवसापासून मी या माणसाची ऋणी आहे, आणि हे ऋण फेडायची मला कधी घाईही झाली नाही.

ऑफिसातली तार कमी पडायची की काय, म्हणून घरीही त्यांचा तोच उद्योग. सरकारी परीक्षा देऊन त्यांनी हौशी रेडिओचा परवाना काढला होता. जुन्या सेटांचे सुटे भाग जोडून स्वतःच रेडिओ बांधला आणि त्यांच्या छपरावरून माझ्या अंगणातल्या कडुनिंबापर्यंत तांब्याची तार ताणली. रोज सकाळी चहा झाला की त्या रेडिओवर ठिकठिकाणचे मित्र जमायचे. तोंडाने कोणी बोलायचं नाही. सगळे मोर्सच्या कळीवर बोटाने ठोके द्यायचे, छोटा ठोका म्हणजे टिंब, लांब ठोका म्हणजे रेघ, आणि त्यातून इंग्रजी अक्षरं व्हायची. यांतले दोघे त्यांच्या फार जिवाचे. एक कानपूरचे सरदारजी आणि एक कोचीचा जहाजवाला, जन्मभर जहाजावर रेडिओ सांभाळलेला. दोघांपैकी एकाचंही तोंड यांनी पाहिलेलं नव्हतं.

गल्लीला या प्रकाराचा ताप व्हायचा, नाही असं नाही. रविवारी सकाळी टीव्हीवर ती देवादिकांची मालिका लागायची. नेमका त्याच वेळी जहाजवाल्याशी गप्पांचा रंग चढला की गल्लीतल्या सगळ्या देवांच्या अंगावर आडव्या रेघा. अख्खा मोहल्ला हातात आरतीचं ताट घेऊन यांच्या दारात. तारबाबू हात जोडून म्हणायचे, "चुकलं जी, चुकलं. देवाले सांगा, मशीन बंद केली."

मला मोर्स त्यांनीच शिकवलं. मी आपली टिंबं मोजायची. ते म्हणायचे, "बाई, मोजू नका. आयका. माणूस आयका." त्यांचं म्हणणं असं, की चार जणांनी तेच अक्षर वाजवलं तरी चौघांचा हात वेगळा. सरदारजी घाईचा. जहाजवाल्याला पूर्वी अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता, त्याचा हात थरथरायचा. आणि खुद्द तारबाबूंचा हात लंगडा. सगळे मित्र त्यांना रेडिओवर लंगडाच म्हणायचे. त्याला कारण होतं. त्यांचं घर पवनीकडच्या विणकरांचं. पाळण्यात होते तेव्हापासून बापाच्या हातमागाचा आवाज कानात. धोटा इकडून तिकडे जायचा, क्षणभर सारं थांबायचं, मग फणीचा ठोका बसायचा. ती क्षणभराची उसंत त्यांच्या बोटात कायमची शिरली होती. ते गुडघ्यावर ठोकायचे तो मोर्समधला आर. आर म्हणजे मिळालं, पोचलं. टिंब, रेघ, टिंब, सलग वाजवायचा. पण यांच्या शेवटच्या टिंबाआधी माग थांबायचाच.

निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी रेडिओचा आवाज भिंतीपलीकडून मला ऐकू येऊ लागला. पुढे तो चौकातल्या पानठेल्यापर्यंत जाऊ लागला. तारबाबूंचं निदान झालेलं होतं, सेट कमजोर झाला. त्यांनी सेटमधल्या ट्यूब बदलल्या. स्पीकर बदलला. माझ्या कडुनिंबावर माणूस चढवून तार बदलली. आवाज काही वाढेना. ज्या माणसाने जन्मभर यंत्रं दुरुस्त केली त्याला आधी यंत्रच दिसणार हो! शेवटी काकू माझ्याकडे आल्या आणि पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "बाई, तुमीच सांगा त्यायले. सेट चांगला आहे. कान गेले." हे तारबाबूंना मला कागदावर लिहून दाखवावं लागलं. वाचून त्यांनी सेटचं बटण बंद केलं. मग म्हणाले, "मंग मी सकाळी जाऊ कुठं जी?"

कानाचं यंत्र आणून झालं. त्यात नुसती घरघर यायची. तारबाबू सकाळी सेटसमोर बसायचे, स्पीकर डोळ्यांनी बघायचे, आणि उठायचे. माणूस वाळत चालला हे आम्हाला दिसत होतं.

त्याच वर्षी आमच्या शाळेत सरकारी योजनेतून कॉम्प्युटर आले होते. त्यांचा थाट काय सांगू! खोलीला पडदे, दारात चपला काढायच्या, नारळ फोडला, हळदीकुंकू वाहिलं. नागपूरला जाऊन तीन आठवड्यांचं शिक्षण घेऊन आलेली मी एकटी, म्हणून हात लावायची परवानगी मला एकटीला. उन्हाळ्याची सुट्टी लागली तेव्हा मोठ्या बाईंना उंदरांची काळजी पडली. वायरी कुरतडल्या तर जबाबदार कोण? "एक तुम्ही घरी न्या, एक मी नेते," म्हणाल्या. मी तो दुलईत गुंडाळून सायकलरिक्षावर घातला आणि थेट तारबाबूंच्या घरी उतरवला. त्यांच्याकडे कूलर होता, हे माझं अधिकृत कारण.

खरं कारण वेगळं होतं. त्या कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवर ठेवायचे, त्यामुळे त्याला शिटीचा आवाज ओळखता यायचा. मोर्स म्हणजे तरी काय, आखूड आणि लांब शिट्या. रेडिओची वायर त्याच्यात खुपसली आणि शिटी किती वेळ वाजली हे त्याला मोजायला लावलं, तर तो अक्षरं पडद्यावर लिहू शकेल. तारबाबू ऐकू शकत नव्हते, वाचू तर शकत होते. मे महिन्याच्या त्या भट्टीत बसून मी प्रोग्रॅम लिहिला. काकू आंब्याचं पन्हं आणून द्यायच्या आणि कॉम्प्युटरलाही नमस्कार करून जायच्या.

पहिली चाचणी तारबाबूंच्याच हातावर घेतली. त्यांनी ऐटीत कळ ओढली आणि एकच अक्षर वाजवलं. आर. पडद्यावर उमटलं, ए ई. पुन्हा वाजवलं. पुन्हा ए ई. शेवटच्या टिंबाआधी ते थांबायचे ना, तेवढ्यात यंत्राला वाटायचं अक्षर संपलं. टिंब-रेघ म्हणजे ए, आणि उरलेलं एकटं टिंब म्हणजे ई. तारबाबू माझ्याकडे बघून म्हणाले, "काहून जी बाई, हे तुमच्या शाळेतलंच पोट्टं दिसते. अर्धं आयकते अन् लिहून टाकते." महिनोन्‌महिन्यांनी काकू हसल्या. त्या दिवसापासून इंग्रजी अक्षरांतली ही दोनच काकूंच्या ओळखीची झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मित्रांची अक्षरं पडद्यावर सरकू लागली तेव्हा तारबाबूंनी माझा हात घट्ट धरला. पण वाचायला गेलं तर निम्मा कचरा. कोण बोलतंय हे सांगण्याआधी डी आणि ई वाजवायची रीत असते. सरदारजींना त्या दोन अक्षरांमध्येही दम निघायचा नाही, दोन्ही चिकटून पडद्यावर बी व्हायचा. जहाजवाल्याच्या थरथरत्या हाताने रेघ मध्येच तुटायची आणि तिची दोन टिंबं व्हायची, की टी च्या जागी आय. मला या गोष्टीचा मनस्वी राग आला. मी गणिताची बाई, माझ्या फळ्यावर असला कचरा मी खपवून घेत नाही. पंधरवडा खपून मी नवा प्रोग्रॅम लिहिला. तुटलेल्या रेघा तो सांधायचा, चिकटलेली अक्षरं सोडवायचा. तिकडे मित्रांनाही कळवलं, की आता बाबू यंत्राने वाचतात. बिचाऱ्यांनी आपापले हात बांधून घेतले आणि शाळकरी पोरांसारखं सावकाश, एकसारखं वाजवू लागले. पडदा लख्ख झाला. एक चूक नाही.

आणि तारबाबू गप्प झाले.

मला वाटलं, उन्हाने असेल. दोन-चार दिवसांनी मीच पाटीवर लिहून विचारलं. ते म्हणाले, "बाई, रागावू नका. पण आता कोण बोलून राहिला तेच समजत नाही."

मी लिहिलं, "नाव येतं की काका समोर!"

"नाव तं दुकानाच्या पाटीवरही येते. माणूस कुठं दिसते?" जरा थांबून म्हणाले, "ते पहिलंवालं लावा. चुका करनारं."

मला राग आला का? आला. घाम गाळून लख्ख केलेल्या भांड्याला कोणी म्हणावं, राखच बरी होती, तसं झालं. पण लावलं मी जुनं. त्यांनी मित्रांनाही कळवलं, तुमचा हात तुमच्यासारखा चालवा. पुन्हा कचरा सुरू झाला आणि तारबाबूंच्या तोंडावर रंग आला. बी दिसला की ओरडायचे, "आला बे सरदार!" टी च्या जागी आय दिसला की आवाज आपोआप मऊ व्हायचा, "जहाजवाला आहे. आज थकला दिसते, रेघा जास्त तुटून राहिल्या." कानाने जी माणसं हरवली होती ती त्यांनी चुकांमधून परत मिळवली. त्यांच्या जोडीने मीही वाचायला शिकले.

मिरगाच्या सुमाराची गोष्ट. सकाळी जहाजवाल्याचं नाव आलं आणि मजकूर एकदम साफ. सगळे टी जागच्या जागी. प्रकृती उत्तम आहे, पाऊस छान आहे, वगैरे. मी आनंदाने पाटीवर लिहिलं, "बघा, हात सुधारला त्यांचा!" तारबाबू पडद्याकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा उतरला. "हा तो नोहे," म्हणाले.

मी समजूत घालू लागले, औषध लागू पडलं असेल. त्यांनी ऐकलंच नाही. कळ ओढली आणि सरळ विचारलं, तू कोण?

पडद्यावरचा साफ मजकूर तिथेच तुटला. मग हळूहळू अक्षरं आली. जहाजवाल्याची लेक होती ती, बापाकडूनच मोर्स शिकलेली. वडिलांना दुसरा झटका आला होता, वाचा गेली होती, उजवा हात गेला होता. तीन दिवसांपासून ती त्यांच्या नावाने कळ वाजवत होती. पहिले दोन दिवस तिने मुद्दाम हात थरथरवला होता, आज विसरली. वडिलांनीच डाव्या हाताने खुणा करून सांगितलं होतं, त्या लंगड्याचे कान नुकतेच गेलेत, आता मीही जातोय हे त्याला कळू देऊ नको.

माझा नवा प्रोग्रॅम लावलेला असता तर आम्हाला हे कधीच कळलं नसतं. साफ मजकूर रोज आला असता, आणि आम्ही दोघं खुशीत चहा प्यालो असतो.

तारबाबू त्याच संध्याकाळी निघाले. ऐकू न येणारा म्हातारा, मद्रासला गाडी बदलायची, पुढे कोचीपर्यंत जायचं. काकू घाबरल्या. मी त्यांच्या गळ्यात एक पाटी अडकवली, 'मला ऐकू येत नाही, कृपया लिहून सांगा,' हिंदी आणि इंग्रजीत. ती बघून म्हणाले, "बैल बजारात नेऊन राहिल्यासारखं वाटते जी." पण काढली नाही. काकूंनी दिलेला चिवड्याचा डबा बगलेत धरून ते गेले.

परत आल्यावर आमच्या ओसरीवर बसून त्यांनी सगळं सांगितलं. दवाखान्यात एक बोलू न शकणारा आणि एक ऐकू न शकणारा. लेक कागद-पेन आणायला धावली. तोवर तारबाबूंनी खाटेशी बसून आपला तळवा त्याच्या डाव्या हाताखाली सरकवला होता. जहाजवाल्याने बोटाने ठोकायला सुरुवात केली.

"पहिलं काय म्हणाले?" मी लिहून विचारलं.

तारबाबू हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. "त्यानं आधी माह्या हातावर हात फिरवला. मी त्याच्या हातावर ठोकून म्हटलं, मी आलो. तं म्हने, तुझा हात अजून लंगडतेच."

चार दिवस ते तळव्यावर बोलत बसले. काय बोलले ते त्यांनी कधी सांगितलं नाही. तार ऑफिसातली सवय. दिवाळीच्या आधी जहाजवाला गेला. लेकीचं पत्र आलं त्या दिवशी तारबाबूंनी सेटवर कापड टाकून ठेवलं. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "बाई, तुमच्या त्या चुकणाऱ्या मशीननं मले त्याच्यापर्यंत पोचवलं. नाही तं मी पोरीलेच बाप समजत बसलो असतो." असं कोणी माझे आभार मानलेले नाहीत, ना त्याआधी ना नंतर.

शाळेचा कॉम्प्युटर शाळा उघडताच परत गेला होता. तेव्हापासून यांची सकाळ रिकामी होती, सरदारजीच टपाल कार्डं लिहून खुशाली कळवायचे. पुढे त्यांनीच इतर मित्रांना सोबत घेऊन घरच्या टीव्हीला जोडायचा एक लहानसा कॉम्प्युटर धाडून दिला. मी त्याच्यावर प्रोग्रॅम चढवला, तोच, चुकणारा. तारबाबूंनी मला परवान्याच्या परीक्षेलाही बसवलं. मी पास झाले, पण कळीवर बसायला लाजायची. ते म्हणायचे, "वाजवा ना जी. चुकलं तं चुकलं. लोकायले कळू द्या, बाई आली म्हणून."

वर्गातही मी त्यानंतर वेगळी झाले. पोरींच्या वह्या तपासताना नाव झाकायची आणि चुकीवरून ओळखायची. हातचा विसरणारी ही, घाईत उणेचं चिन्ह खाणारी ती. चूक कळली की पोरगी कळायची, आणि मग तिच्यावर ओरडणं जमेना. माझ्या हाताखालून गेलेल्या कितीतरी मुली आज प्रेमाने भेटायला येतात. त्यांना माहीत नाही की हे श्रेय शेजारच्या बहिऱ्या तारबाबूंचं आहे.

ऐंशीचं दशक सरता सरता एका हिवाळ्यात तारबाबू गेले. दुखणं थोड्या दिवसांचं. शेवटच्या दिवसांत डोळे मिटून पडलेले असायचे. मी त्यांच्या तळव्यावर ठोकून सांगायची, आज सरदारजी आले होते, काकूंनी जेवण केलं. त्यांचं बोट चादरीवर हलायचं. टिक, टाऽक, मग जरासं थांबून, टिक.

तेरावं झाल्यावर काकू म्हणाल्या, "मशीन लावा जी बाई. ते लोक वाट पाहत असतीन." मी सकाळी कॉम्प्युटर चालू केला, सेट लावला आणि पहिल्यांदाच त्यांच्या खुर्चीवर बसले. काकू शेजारी पाटावर बसल्या. सगळे मित्र आले होते. पडदा कचऱ्याने भरून गेला. डी-ई च्या जागी बी. सरदारजी तर त्या दिवशी इतके घाईत होते की शब्द ओळखू येईना. रडणारा माणूस असाच बोलतो. कोचीची लेकही आली होती. मी सगळं वाचलं आणि काकूंना सांगितलं. एक अक्षर दुरुस्त केलं नाही.

मग सगळे थांबले. आता उत्तर आमच्याकडून जायचं होतं. मी कळीवर बोट ठेवलं आणि एकच अक्षर वाजवलं. आर. पोचलं.

पडद्यावर उमटलं, ए ई.

काकू पाटावरून उठल्या, पडद्याजवळ गेल्या आणि त्या दोन अक्षरांवर बोट ठेवून म्हणाल्या, "हे तं त्यायचं होय!"